कळवतो म्हणाले

२०२५च्या जुलैत चिलीतल्या ॲटलास दुर्बिणीला सूर्यमालेबाहेरून येणारा एक धूमकेतू दिसला. बाहेरून आलेला हा आजवरचा तिसराच ज्ञात पाहुणा. हार्वर्डचे खगोलशास्त्रज्ञ आवी लोब यांनी हे परक्यांचं यानही असू शकेल अशी शंका काढली आणि आपल्या वाहिन्यांची दिवाळी जुलैतच सुरू झाली. पडद्यावर लाल वर्तुळ, लाल बाण, मागे ढोल, आणि घसा बसेपर्यंत 'एलियन आले!' धूमकेतूनं डिसेंबरात पृथ्वीपासून सुमारे २७ कोटी किलोमीटर अंतर राखलं आणि आपली वाट धरली. आपल्याकडे एवढ्या लांबून जाणाऱ्याला आला म्हणत नाहीत, गेला म्हणतात.

विश्वात आपल्याशिवाय आणखी कुणी शहाणं आहे का, हा प्रश्न शास्त्रज्ञांनी सोडवावा. मला काळजी वेगळीच आहे. आपण त्यांना जी माहिती पाठवून बसलोय, ती पाहता हे स्थळ जमेल का?

होय, माहिती जाऊन चुकली आहे. १९७७ साली खगोलशास्त्रज्ञ कार्ल सेगन आणि मंडळींनी नासाच्या व्हॉयेजर या दोन्ही यानांवर सोन्याचा मुलामा दिलेली तांब्याची एकेक तबकडी बसवली. मानवजातीचा बायोडेटाच तो. त्यात युद्ध, रोगराई, गुन्हे आणि दारिद्र्य दाखवायचं नाही, असं मंडळींनी आपसांत ठरवलं होतं. म्हणजे मुलगा निर्व्यसनी, स्वभाव शांत, वाद नाहीत. हिरोशिमाला तेव्हा बत्तीस वर्षं झाली होती, पण जुन्या गोष्टी बायोडेटात कोण लिहितं?

फोटोचंही तेच. १९७२च्या पायोनियर यानावरच्या पट्टीवर विवस्त्र स्त्री-पुरुषांची रेखाचित्रं होती, त्यावरून अमेरिकेत बोंबाबोंब झाली. म्हणून या खेपेला नासानं तसा फोटो नाकारला आणि नुसती काळी बाह्याकृती गेली. गर्भधारणेची शास्त्रीय आकृती मात्र चालली. आकृत्या चालतात, माणसं चालत नाहीत. परग्रहावरच्या पोराबाळांवर वाईट संस्कार होऊ नयेत, याची एवढी काळजी त्यांच्या आईबापांनीही घेतली नसेल.

बोलणी करायला घरातलं वडीलधारं कुणी हवं. ते होते संयुक्त राष्ट्रांचे त्या वेळचे सरचिटणीस कुर्ट वाल्डहाइम. समस्त पृथ्वीच्या वतीनं शांततेचा निरोप त्यांच्या आवाजात आहे. पुढे १९८६ साली ते ऑस्ट्रियाच्या अध्यक्षपदाला उभे राहिले आणि बाहेर आलं, की दुसऱ्या महायुद्धात बाल्कनमध्ये जर्मन सैन्यात केलेली नोकरी त्यांनी स्वतःच्या चरित्रातून सफाईनं गाळली होती. १९८७ साली अमेरिकेनं त्यांना देशात यायला बंदी केली. तोवर त्यांचा आवाज अमेरिकेच्याच यानातून शनी ओलांडून गेलेला. यान काही माघारी बोलावता येत नाही.

तबकडीवर ५५ भाषांतले नमस्कार आहेत आणि त्यात मराठी आहे. अभिजात दर्जासाठी आपण २०२४पर्यंत दिल्लीच्या फेऱ्या मारल्या, आंतरतारकीय दर्जा १९७७ सालीच मिळाला होता, तोही अर्ज न करता. (कोकणी नाही, तमिळ नाही. हे हळू आवाजात वाचावं.) मजा निरोपांच्या मजकुरात आहे. मराठी निरोप शुभेच्छा देतो, धन्य व्हा म्हणतो आणि थांबतो. गुजराती निरोपात मात्र उत्तर पाठवा अशी विनंती आहे. उद्या उत्तर आलंच तर ते कुणाच्या पेढीवर येईल, हे सांगायला ज्योतिषी नको. चीनमधल्या अमॉय बोलीतल्या निरोपात तर थेट जेवलात का अशी विचारपूस आहे आणि सवड काढून या असं आमंत्रणही. हा निरोप पुण्यात ध्वनिमुद्रित झाला असता तर 'जेवूनच आला असाल' एवढ्यावर आटोपला असता.

आता मुख्य मुद्दा, गाण्याचा. मुलीला गाता येतं का, हे विचारायची वेळच आपण येऊ दिली नाही. तबकडीवर भारतातर्फे एकच गाणं आहे आणि ते गोव्यातल्या केरी गावच्या केसरबाई केरकरांचं आहे. केसरबाई अल्लादिया खाँसाहेबांच्या शिष्या, गाणं बुलंद, स्वभाव करारी. निवड रॉबर्ट ब्राऊन या संगीताच्या अभ्यासकाच्या शिफारशीनं झाली आणि निवडीबद्दल वाद घालणाऱ्यानं आधी आपले कान तपासून घ्यावेत. साडेतीन मिनिटांत दुसऱ्या कुणाला काय जमलं असतं? व्हॉयेजर-१ हे यान ५ सप्टेंबरला उडालं आणि १६ सप्टेंबरला बाई गेल्या.

पण राग कुठला, तर भैरवी. मराठी माणसाला मी काय सांगावं? भैरवी सुरू झाली की मागच्या रांगेतले चपला शोधायला लागतात, संयोजक आभाराचा कागद खिशातून काढतो, तबलजी मनातल्या मनात गाडीची वेळ बघतो. आपण विश्वाशी पहिली ओळख करून घ्यायला गेलो आणि भैरवी गायलो. पलीकडे कुणी जाणकार असेल, तर तो मान डोलावून, हात जोडून घरी गेला असणार. ते उत्तर देत नाहीत म्हणून त्यांना अडाणी म्हणणारे आपण कोण? कदाचित तेच एकटे रीतीनं वागले.

बरं, उत्तर आलं तर ते ऐकणार कसं, याचीही तयारी पाहून घ्या. त्याच १९७७ साली १५ ऑगस्टला, म्हणजे आपण झेंडावंदन करून जिलबी खात होतो त्या दिवशी, ओहायोतल्या 'बिग इअर' दुर्बिणीनं धनू राशीच्या दिशेनं आलेला ७२ सेकंदांचा एक जोरकस संदेश टिपला. काही दिवसांनी खगोलशास्त्रज्ञ जेरी एहमन यांनी छापील कागदावर त्या आकड्यांभोवती लाल शाईनं वर्तुळ काढलं आणि शेजारी 'वॉव!' लिहिलं. तो संदेश पुन्हा कधी आला नाही आणि तो कशाचा होता हे आजही ठरलेलं नाही. दुर्बीण १९९८ साली पाडली. का, तर शेजारचं गोल्फचं मैदान वाढवायचं होतं. दुर्बीणच पाडता येते, ही कल्पना आपल्या बिल्डरांना अजून सुचलेली नाही. हे वाक्य कात्रणात जपून ठेवू नका.

ऑस्ट्रेलियातल्या पार्क्स दुर्बिणीची कथा याहून चविष्ट. १९९८पासून तिथे अधूनमधून चमत्कारिक रेडिओठोके येत. ते पृथ्वीवरचेच असावेत असा वहीम होता, पण चोर सापडेना. २०१५ साली सापडला. कर्मचाऱ्यांचा मायक्रोवेव्ह! डबा आत फिरत असताना, वेळ संपायच्या आधीच कुणी दार ओढलं, की आतला मॅग्नेट्रॉन बंद पडता पडता एक ठोका बाहेर टाकी आणि ६४ मीटर व्यासाची जगद्विख्यात दुर्बीण तो इमानेइतबारे टिपून घेई. दूरच्या आकाशगंगांचे संदेश ऐकायला बसलेल्या माणसांना भाजी गरम होईपर्यंत दम निघत नव्हता.

आपल्याकडे नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली उभारलेल्या तीस तबकड्या, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, साधारण पंचवीस किलोमीटरच्या परिसरात विखुरलेल्या. तबकडी भरीव नाही, तारांची बारीक जाळी आहे, वारा आरपार जातो. म्हणून ती हलकी झाली आणि स्वस्तही. तिचं काम हायड्रोजन, स्पंदक तारे, दीर्घिका यांचं, परग्रहवासी शोधण्याचं नाही, पण पाहणाऱ्याला ते पटत नाही. शिवाय नारायणगाव ही तमाशापंढरी. यात्रांच्या सुपाऱ्या इथल्या राहुट्यांत ठरतात. वरून कुणी उतरलंच, तर बोलणी करायला अनुभवी माणसं गावात तयार आहेत.

भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फर्मी यांनी १९५० साली लॉस अलामॉसला जेवताना विचारलं होतं, की मग सगळे आहेत कुठे? त्या प्रश्नावरून आजही लोक निकाल देऊन मोकळे होतात: कुणी आलं नाही, म्हणजे कुणी नाही. अहो, १९७४ साली अरेसिबोच्या दुर्बिणीवरून पाठवलेला रेडिओसंदेश त्याच्या ठिकाणी पोहोचायलाच सुमारे २५,००० वर्षं लागणार आहेत. व्हॉयेजर-१ एखाद्या दुसऱ्या ताऱ्याच्या आसपास जाईल ते सुमारे ४०,००० वर्षांनी, तेही त्याच्यापासून दीड प्रकाशवर्षाहून जास्त अंतरावरून. बायोडेटा अजून आपल्याच गल्लीत आहे आणि आपण नकार आला म्हणून तोंड पाडून बसलोय. निकाल देणारे हेच ते, मायक्रोवेव्हचं दार आधी ओढणारे.

तेव्हा एक विनंती. पुणे-नाशिक रस्त्यानं जाताना खोडदच्या त्या तबकड्या बघायला वळलात, तर मोबाईल बंद करा. 'सायलेंट'वर टाकून चालत नाही.