ट्रिपल सीट

"अगं, ऐकलंस का? माईंच्या नातवाने म्हणे कोर्टात क्लेम टाकलाय. तिघं-तिघं गाडीवर बसायचं आणि वर भरपाई मागायची!"

"अहो काकू, पण टेम्पोने मागून ठोकलं ना त्यांना."

"ठोकणारच. डोक्यावर हेल्मेटसुद्धा नव्हतं."

"मोडला पाय. हेल्मेट असतं तर पाय वाचला असता होय?"

"तुला बरं कळतं गं कायद्यातलं."

"आमचे हे वकिलाकडे कारकून. जेवताना दुसरा विषय असतो का? दिल्लीचा असाच दावा होता. मोटारसायकलवर तिघं, मागून कार धडकली, एक तरुण पोर गेलं. तिघं बसले म्हणून हायकोर्टाने भरपाईतले दहा टक्के कापले. २०२० मध्ये सुप्रीम कोर्टाने ती कपात रद्द केली. ट्रिपल सीट हा नियमभंग खराच. पण त्यामुळेच धडक झाली किंवा मार वाढला, हे दाखवल्याशिवाय भरपाईला कात्री लावायची नाही म्हणाले."

"म्हणजे काहीही करा, पैसे मिळतात!"

"तसं कुठे? तिघांच्या वजनाने गाडी डुगडुगून टेम्पोपुढे गेली असती, तर कापलेच असते. पंचनाम्यात ब्रेकच्या खुणा, कोणती गाडी कुठून चेपली, हे उगाच लिहितात का? खुनाच्या खटल्याइतका कडक पुरावा मात्र लागत नाही. कोणाचं म्हणणं जास्त पटण्यासारखं, तेवढंच बघतात."

"ते राहू दे. त्याच्या मित्राची आई माईंशी बोलायची का बंद झाली?"

"तिच्या मुलालाही दाव्यात ओढलंय. गाडी तोच चालवत होता ना! मागे बसलेल्याच्या माथी चालवणाऱ्याची चूक मारत नाहीत. दोन्ही चालक चुकलेले निघाले, तरी हा सगळी रक्कम कोणा एकाकडून घेऊ शकतो. वाटणी ते आपापसात बघतील. तिला मात्र वाटतंय, पोराला तुरुंगात टाकतायत."

"बिचारी."

"आणि परवा विमा कंपनीचा माणूस गल्लीत चौकशी करून गेला. कोणीतरी सांगितलंय त्याला, पोरं गाडी नागमोडी चालवत होती म्हणून."

"...तो बॅगवाला? अगं बाई, मला वाटलं मीटर बघायला आलाय!"

"काकू, धडक झाली तेव्हा तुम्ही चौकात होता?"

"मी कशाला? मी गच्चीवर कुरडया घालत होते."