ज्ञचे शुद्धिपत्र

सिरोंच्यात मुलीचे बारसे करायचे तर पाळण्याआधी नकाशा काढावा. पश्चिमेला प्राणहिता, दक्षिणेला गोदावरी, आणि दोन्हींच्या पलीकडे तेलंगण. पूर्वेला इंद्रावती ओलांडली की छत्तीसगड. आत्याने बाळाच्या कानात ‘प्रज्ञा’ म्हणून कुर्र केले, आत्याच्या पाठीत धपाटे बसले, घुगऱ्या वाटल्या गेल्या. नाव कानात पक्के झाले. कागदावर व्हायचे आहे.

मराठी माणूस ज्ञ म्हणताना द्न्य म्हणतो, म्हणून इंग्रजीत डी-एन-वाय लिहितो. नदीपलीकडचे तेलुगू नातेवाईक तेच नाव जी-एन घालून लिहितात. इंद्रावतीपलीकडे हिंदीत ती प्रग्या होते, म्हणजे जी-वाय. संस्कृतचे पंडित जे-एनवर ठाम. अक्षर एक, स्पेलिंगे चार, आणि मुलगी अजून पालथीही पडत नाही.

आयर्लंडमध्ये मुलीचे नाव एन-आय-ए-एम-एच असे लिहितात आणि नीव्ह म्हणतात. परके लोक चक्रावतात, पण आयरिश माणसाला ‘एम-एच’चा व्ह होतो हा नियम ठाऊक असतो. आपल्याकडे घरचाच माणूस चक्रावतो.

खरी करामत परतीच्या प्रवासात होते. जन्मनोंदीसाठी बापाने देवनागरीत स्वच्छ ‘प्रज्ञा’ लिहून दिले. पुढे कुठल्या तरी अर्जात ते इंग्रजीत गेले. इंग्रजीतून संगणकाने ते पुन्हा मराठीत आणले, तेव्हा कागदावर उमटले: ‘प्रद्न्या’. ‘द्न्यानेश्वर’ नावाची कार्डे खिशात बाळगणारे ज्ञानेश्वर महाराष्ट्रात गावोगाव सापडतील. यंत्राला समजावून सांगायला जावे, तर त्या यंत्राला चालवणाऱ्या गोष्टीचे मराठी नाव आज्ञावली. त्यात ज्ञ. ती लिहितो तो तंत्रज्ञ. त्यातही ज्ञ. हे सगळे मिळून तंत्रज्ञान. दोन्ही कागदांवरची मुलगी एकच आहे, हे सिद्ध करायला बापाने सेतू केंद्रात काय लिहून द्यायचे? प्रतिज्ञापत्र! म्हणजे ज्या अक्षराने घोळ घातला, त्याच्याच नावाने शपथ घ्यायची, आणि ते प्रतिज्ञापत्रही टाइप होऊन ‘प्रतिद्न्यापत्र’ निघाले, तर त्यासाठी दुसरे द्यायचे.

1 मे 2024 पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदांवर स्वतःच्या नावानंतर आईचे, मग वडिलांचे, मग आडनाव असा क्रम आहे. निर्णय चांगलाच आहे. पण आई माहेरची तेलुगू असली, तर तिच्या जुन्या दाखल्यात आडनाव सर्वांत पुढे आणि नाव लता असेल तर ‘त’ला ‘टी-एच’. मराठी शाळेने त्यातला एच गाळला की आईही दोन झाल्या.

यात विनोद कुठे आहे? राज्याची भाषा मराठी, लिपी देवनागरी, बापाची सही देवनागरीत. मग त्याच्या लेकीचे नाव रोमन लिपीच्या घाटातून लंगडत का परत यावे? जे मूळ कागदावर बरोबर होते, ते दुरुस्त करायला बापाने मजुरी बुडवून का जावे? जिल्ह्याच्या ठिकाणापर्यंत प्रकरण गेले, तर सिरोंच्याहून गडचिरोली आलापल्लीमार्गे 200 किलोमीटरहून लांब. चूक यंत्राची, भाडे बापाचे.

परंपरा सांगते की ज्ञानेश्वर आणि त्यांची भावंडे शुद्धिपत्र मागायला पैठणला गेली होती. तिथे रेड्याच्या मुखातून वेद वदवल्याची कथाही प्रसिद्ध आहे. पैठण गोदावरीकाठी, तीच गोदावरी खाली सिरोंच्याला येते. शके 1212 मध्ये ज्ञानेश्वरी झाली, सातशेहून अधिक वर्षे उलटली, आणि त्याच नदीच्या काठी आजचा ज्ञानेश्वर शुद्धिपत्रासाठी रांगेत उभा आहे. रेड्याला जमले ते संगणकाला जमत नाही.

तोवर सिरोंच्याच्या आत्यांना एवढेच कळवावे: आधारवरचे नाव आयुष्यात दोनदाच बदलता येते, आणि ज्ञची स्पेलिंगे चार आहेत.