नेहमीचा कुठंय?

दिल्लीत बेस गिटारवाल्याला फोन येतो तो दुसऱ्या बेस गिटारवाल्याला डेंग्यू झाल्यावरच. पाऊस ओसरला, कूलरच्या तळाशी साचलेल्या पाण्यात डासांचा संसार थाटला गेला, महापालिकेचे धूरवाले गल्लीत फिरू लागले की माझा हंगाम सुरू होतो. नवरात्र, दिवाळी, लगीनसराई आणि लोकांच्या घसरलेल्या प्लेटलेट्स हे सगळं इथे हातात हात घालून येतं. पेपरात डेंग्यूचा आकडा आला की बाबा "अरेरे" म्हणतात आणि मी तारा पुसायला घेतो.

"भाई, आज शाम फ्री है?" असा तो फोन असतो. 'आज शाम' म्हणजे साडेतीन वाजलेले असतात, कार्यक्रम आठला गुरुग्राममध्ये असतो आणि गाणी तीस असतात. डेंग्यू नसेल तेव्हा इतर कारणं आहेतच: बहिणीचं लग्न, यूपीएससीची प्रिलिम, कॅनडाचा व्हिसा. एका बेसवाल्याच्या होणाऱ्या सासऱ्यांना जावई नक्की करतो काय ते बघायला कार्यक्रमाला यायचं होतं, म्हणून त्यानेच त्या संध्याकाळी मला उभं केलं आणि स्वतः सासऱ्यांच्या शेजारी टाय लावून बसला. मी वाजवत असताना दोघं माझ्याकडे बघून खेदाने मान हलवत होते.

आम्ही राहतो पहाडगंजात. 'देव डी' हा सिनेमा आल्यापासून, म्हणजे २००९ पासून, पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांना पहाडगंज म्हटलं की लाल-निळे दिवे आणि बुडालेला अभय देओल दिसतो. आमचं पहाडगंज म्हणजे नूतन मराठी शाळा, बृहन्महाराष्ट्र भवनात उतरून जेवायला मात्र आमच्याकडे येणारी मंडळी, आणि शीला टॉकीजच्या आठवणी काढणारे शेजारी. देशातला पहिला ७० एमएम पडदा १९६१ मध्ये तिथे लागला, असं ते सांगतात, आणि सांगताना तो आपणच खिळे मारून लावल्यासारखे हात वर करतात.

मात्र कव्हर बँडमध्ये बदली वाजवणाऱ्यासाठी याहून योग्य पत्ता सापडणार नाही. मेन बाजारात उभं राहून बघा. जर्मन बेकरीतला पाव गढवाली पोरगा भाजतो. छतावरच्या कॅफेतला फलाफेल इस्रायली पाहुण्यांच्या सूचनांनी घडत घडत आता त्यात हिरवी मिरची आलेली आहे. हिप्पी गेले त्याला पन्नास वर्षं होत आली, पण त्यांच्या ढगळ विजारी अजून दोरीवर लटकतात आणि लखनौहून आलेले इंजिनीयर त्या विकत घेतात. सगळं कोणाचं तरी ऐकून, बघून, थोडं इकडचं तिकडचं घालून केलेलं. पोटभर आणि परवडणारं. 'देव डी'त सुद्धा लग्नात गातात कोण, तर 'पटना के प्रेस्ली'!

बेस गिटार घरी आणली त्या दिवशी आईने ती उलटसुलट करून पाहिली. "चारच तारा?"

"बेसला चारच असतात गं."

"पैसे कमी पडत होते तर मला सांगायचंस. सहाची आणली असती."

लिओ फेंडरने १९५१ मध्ये 'प्रिसिजन बेस' बाजारात आणला तोवर हे काम माणसापेक्षा उंच कॉन्ट्राबास करायचा आणि तो उभा पकडून वाजवावा लागे. फेंडरने ते गळ्यात अडकवता येईल असं केलं आणि पट्टीवर पडदे बसवले, म्हणजे बोट नेमकं पडेल. हे सगळं आईला सांगितलं. ती म्हणाली, "बरं, पण याच्यावर गाणं कुठलं वाजतं?" मी एका प्रसिद्ध गाण्याचा बेस वाजवून दाखवला. तिने शेवटपर्यंत शांतपणे ऐकलं आणि विचारलं, "आता गाणं सुरू होईल ना?"

शेजारच्या आंटीजींची तक्रार वेगळी. सगळ्यात जाड तार सेकंदाला सुमारे एक्केचाळीस वेळा थरथरते आणि हा इतका खालचा आवाज भिंतीला जुमानत नाही. त्यांना गिटार ऐकू येत नसे. फक्त स्वयंपाकघरातल्या मांडणीवरच्या स्टीलच्या ताटल्या आपोआप वाजायच्या. त्यांनी आधी मांडणी बदलली, मग भिंतीला हनुमान चालिसा चिकटवली, शेवटी घरी आल्या. "बेटा, तू बजाता है तो मेरी थालियाँ क्यों गाती हैं?" मला आजवर मिळालेली सगळ्यात नेमकी दाद हीच.

बदलीवाल्याची विद्या कुठल्या क्लासात शिकवत नाहीत. पहिला धडा: गाण्याची स्केल लिहून ठेवू नये. मूळ गाणं ज्या स्केलमध्ये असेल तिथे ते गाणारा गायक दिल्लीत सापडत नाही. कोणी अर्धा स्वर खाली गातो, कोणी दोन, आणि ज्याची काल भावाच्या लग्नात रात्र झाली आहे तो स्टेजवर चढल्यावर ठरवतो. म्हणून मी वहीत सारेगमच लिहितो: सा, सा, ध, म, प. बेसच्या लगतच्या दोन तारांमधलं अंतर सगळीकडे सारखंच असतं, त्यामुळे हाताचा एकच साचा वर-खाली सरकवला की काम भागतं. अट एकच, सुटी तार वाजवायची नाही. सुटी तार काही सरकत नाही. गायकाने ऐन वेळी पट्टी बदलली की तीच घात करते.

दुसरा धडा: नजर दोनच ठिकाणी, गिटारवाल्याचा डावा हात आणि ड्रमरचा उजवा पाय. हात स्वर सांगतो, पाय वेळ सांगतो. गायकाकडे बघू नये. तो प्रेक्षकांकडे बघत असतो आणि त्याला काहीच माहीत नसतं.

तिसरा धडा मात्र मला फार उशिरा, हौज खासच्या एका कॅफेत मिळाला. 'हॉटेल कॅलिफोर्निया' होतं. हे गाणं वाजवल्याशिवाय भारतात कुठल्याही बँडला घरी जाऊ देत नाहीत. मी ते रँडी माइस्नरने १९७६ च्या रेकॉर्डवर जसं वाजवलंय तसं, श्वासासकट पाठ केलेलं. पहिला कोरस संपला, मी रेकॉर्डप्रमाणे पुढच्या कडव्यावर उतरलो, आणि अख्खा बँड मागेच राहिला. पंगतीत मीठ वाढायचं राहिलं की सगळे वाढप्याकडे बघतात, तसे सगळे माझ्याकडे बघू लागले.

मध्यंतरात उलगडा झाला. नेहमीचा बेसवाला तिथे एक बार, म्हणजे चार मात्रा, जास्त घेतो. का, तर त्याला तेवढ्यात घसरलेला चष्मा वर सारायचा असतो. पहिल्यांदा सगळे गडबडले, मग सवय झाली. आता त्या जागी गायक पाण्याचा घोट घेतो, कीबोर्डवाल्याने तिथे एक नक्षी बसवली आहे आणि ड्रमर तर वर्षभर त्या एका बारसाठीच जगतो.

"पण रेकॉर्डवर तसं नाहीये," मी म्हणालो.

"भाई, रेकॉर्ड को बुलाया किसने है?" ड्रमर म्हणाला.

त्या दिवसापासून मी गाणी बसवणं सोडलं आणि माणसं बसवायला लागलो. फोन आला की आधी विचारतो, तुमच्या नेहमीच्या माणसाचे मोबाइलवरचे व्हिडिओ पाठवा. कुठे तो घाईने शिरतो, कुठे विसरतो, कुठे गिटारवाल्यावर रुसून खालच्या तारेवरच बसून राहतो, हे सगळं टिपून घेतो. एक जण दर वेळी तिसऱ्या गाण्यात बायकोचा मेसेज बघतो, तिथे चार मात्रा शांतता असते. ती शांतता मी इमानदारीने वाजवतो. बँड मूळ गाण्याची नक्कल करतो आणि मी त्या नकलेची, तिच्यातल्या खाचाखोचांसकट. खरं गाणं येणारे दिल्लीत पुष्कळ आहेत. चुका तंतोतंत येणारा मी एकटा.

आमच्या जमातीत मोठी माणसं होऊन गेलीत. कॅरल के या हॉलिवूडमधल्या गिटारवादक. १९६३ मध्ये कॅपिटल रेकॉर्ड्सच्या एका रेकॉर्डिंगला बेसवाला उगवलाच नाही, म्हणून बेस त्यांच्या हातात दिला गेला. पुढे बीच बॉइजपासून कोणाकोणाच्या रेकॉर्डवर त्यांचाच बेस ऐकू येऊ लागला. त्या न उगवलेल्या माणसाचं पुढे काय झालं हे कोणी विचारत नाही. मला मात्र त्याचीच काळजी वाटते, कारण असल्या माणसांवरच आमचं पोट चालतं.

दुसरे जिमी निकोल. जून १९६४ मध्ये बीटल्सचा दौरा तोंडावर आणि रिंगो स्टारचे टॉन्सिल्स सुजले. निकोल यांना ड्रमवर बसवलं, रिंगोचे कपडेही घातले. विजार आखूड झाली. डेन्मार्क, नेदरलंड्स, हाँगकाँग, ऑस्ट्रेलिया असा प्रवास झाला, पोरींनी किंकाळ्या फोडल्या, मग मेलबर्नला रिंगो बरा होऊन आला आणि निकोल यांच्या हातात पाचशे पौंड आणि सोन्याचं घड्याळ ठेवून त्यांना विमानात बसवलं गेलं. मला सुद्धा एकदा घड्याळ मिळालं आहे. मेन बाजारातलं होतं, त्यावर रोलेक्स लिहिलं होतं आणि ते घरी पोचेपर्यंत चाललं.

बीटल्स १९६६ च्या जुलैत दिल्लीत आले होते तेव्हा आमच्या घरापासून चालत जाता येईल अशा कॅनॉट प्लेसमधल्या रिखी राम यांच्या दुकानात वाद्यं घ्यायला गेले. आजी म्हणते, त्या दिवशी ती तिथूनच लोकर घेऊन परत आली आणि गर्दी कसली ते बघायला थांबली नाही, कारण कुकर लावायचा होता. आमच्या घराण्याचा रॉक संगीताशी आलेला हा पहिला संबंध.

दिल्लीत कार्यक्रम कुठल्याही गाण्याने सुरू होवो, साडेनऊला तो पंजाबी होतो. छतरपूरच्या फार्महाउसवर नवऱ्या मुलाने हौसेने पिंक फ्लॉइड सांगितलेलं असतं. दुसऱ्या गाण्याला फूफाजी स्टेजपाशी येतात, ड्रमरच्या डोक्यावरून शंभराची नोट ओवाळतात आणि म्हणतात, "पुत्तर, कुछ ऐसा बजा जिसमें हाथ ऊपर जाएँ." पिंक फ्लॉइडमध्ये हात वर जात नाहीत हे त्यांचं निरीक्षण अगदी बरोबर असतं. बँड भांगड्यावर येतो, हात वर जातात. नोट ड्रमरला मिळते. बेसवाल्यावरून ओवाळलेली नोट मी अजून पाहिलेली नाही; तो कुठे उभा आहे हेच पुष्कळांना सापडत नाही.

सापडतो तो दहा वाजता. २००० सालच्या नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर लाउडस्पीकर बंद. दहाला पाच कमी असताना मॅनेजर धावत येतो आणि सगळ्यांना सोडून थेट माझ्याकडे बोट दाखवतो: "बेस कम करो, बेस!" भिंत ओलांडून पोलीस चौकीपर्यंत जाणारा आवाज तेवढाच, हे त्याला अनुभवाने कळलेलं. मी शून्यावर आणतो. पुढचा अर्धा तास डोळे मिटून, मान डोलावून, घाम गाळून मी काहीच वाजवत नाही. पाकीट पूर्ण मिळतं. आईच्या मते या कामात एवढाच भाग सरकारी नोकरीसारखा आहे.

नाव मिळावं ही अपेक्षा या वाद्यात ठेवूच नये. मोटाउन कंपनीच्या गाण्यांनी जगाला नाचवणारे जेम्स जेमर्सन अक्षरशः एकाच बोटाने वाजवत राहिले; रेकॉर्डच्या वेष्टनावर त्यांचं नाव छापून आलं ते थेट १९७१ मध्ये. पंचमच्या गाण्यांवर ठेका धरणाऱ्या किती जणांना टोनी वाझ या बेसवाल्याचं नाव ठाऊक आहे? अस्सल माणसांची ही गत, तिथे बदलीवाल्याने काय बोलावं!

तरी गणेशोत्सवात मला नाव मिळालं. दिल्लीतल्या एका मंडळात (नाव सांगत नाही, पुढची सुपारी जायची) जुन्या हिंदी-मराठी गाण्यांचा ऑर्केस्ट्रा होता आणि त्यांचा बेसवाला हंगामाच्या नियमाप्रमाणे सलाइनवर होता. निवेदिकेच्या कागदावर त्याचंच नाव होतं. "आणि बेस गिटारवर..." म्हणत तिने ते खणखणीत उच्चारलं. मी त्याच्या नावाने वाकून नमस्कार केला. कार्यक्रमानंतर पहिल्या रांगेतले आजोबा काठी टेकत आले, माझा हात हातात घेतला आणि म्हणाले, "मागच्या वर्षीपेक्षा खूप सुधारलास हो. आणि बारीकही झालास. शाबास!" मी वाकून आशीर्वाद घेतला. ते आशीर्वाद कोणाच्या खात्यात जमा झाले, गणपतीला ठाऊक.

पुढच्या वर्षी तो स्वतः उभा होता, ठणठणीत. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याचा फोन आला. आवाजात संताप. "तू काय वाजवून ठेवलंयस तिथे? आजोबा सगळ्यांदेखत म्हणाले, यंदा रियाज कमी पडला वाटतं, मागच्या वर्षी छान वाजवलं होतंस!"

"अरे, मी तुझंच तर वाजवलं. तुझे व्हिडिओ बघून. तुझ्या चुकांसकट."

तिकडे बराच वेळ कोणी बोललं नाही. मग जरा नरमून तो म्हणाला, "तुझ्याकडे त्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग असेल ना? पाठव. पुढच्या वर्षीपासून मला तसंच वाजवायला लागणार."