मिलफर्ड जंक्शन व्हाया भोकरदन

डेव्हिड लीनचा 'ब्रीफ एन्काउंटर' हा 1945 सालचा कृष्णधवल इंग्रजी सिनेमा भोकरदनात बसून पाहणं जरा आगाऊपणाचंच. बरीचशी प्रेमकथा रेल्वे स्टेशनवर घडते आणि आमच्याकडे रेल्वेच नाही. गाडी धरायची तर जालना गाठा. म्हणजे विरहाला निघायचं तरी आधी एसटी.

लॉरा ही दोन लेकरांची आई दर गुरुवारी शेजारच्या गावी जाते. बाजारहाट करते, वाचनालयाचं पुस्तक बदलते, सिनेमा बघते. मिलफर्ड जंक्शनवर एक गाडी धडधडत निघून जाते आणि लॉराच्या डोळ्यात कण जातो. डॉ. अ‍ॅलेक हार्वी रुमालाच्या टोकानं तो काढतो. झालं! पुढचा तासभर रॅकमॅनिनॉव्हचा पियानो आपलं काळीज पिळत राहतो.

"एवढ्याशा कामाला डॉक्टर?" सौ. म्हणाली.

तिचंही खरंच. आमच्या बसस्टँडवर उन्हाळ्यात कोणाच्या ना कोणाच्या डोळ्यात कायम काहीतरी गेलेलं असतं. पदराचा बोळा करायचा, तोंडाची वाफ द्यायची, डोळ्यावर दाबायचा. प्रेमबिम होत नाही. रुमालाचं म्हणाल तर तो डोळ्यापर्यंत पोचतच नाही. जालन्याची बस थांबायच्या आत तो खिडकीतून सीटवर पडलेला असतो.

चित्रीकरण कार्नफर्थ स्टेशनवर रात्री-रात्री झालं. युद्ध चालू होतं. हल्ल्याचा इशारा आला तर दिवे विझवायला वेळ मिळावा, म्हणून लंडनपासून लांबचं स्टेशन निवडलं म्हणतात. आमच्याकडे दिवे जायला युद्ध लागत नाही.

अ‍ॅलेकचं प्रियाराधन तर और आहे. दगडाच्या धुळीनं, कोळशाच्या धुळीनं फुप्फुसाला कोणकोणते रोग होतात ते तो सांगत सुटतो आणि लॉरा विरघळत जाते. मीही सौ.ला जिनिंगमधल्या कापसाच्या तुसानं दमा कसा लागतो ते हळुवार आवाजात सांगू लागलो. "तुम्ही बीपीची गोळी घेतली का?" तिनं विचारलं.

पण खरी अडचण वेगळीच आहे. ही दोघं आठवड्यामागून आठवडे स्टेशनातल्या चहाच्या खोलीत बसतात आणि त्यांना कोणी गावसुद्धा विचारत नाही! आमच्या स्टँडवर कप बशीत ओतायच्या आत शेजारचा माणूस विचारतो, "कोणाकडचे तुम्ही?" दुसऱ्या कपाला राजूरचे पाहुणे निघतात. तिसऱ्याला अ‍ॅलेक लॉराच्या मावसजावेचा भाऊ ठरतो आणि विषय मुलीच्या स्थळावर येतो. अशा हवेत शोकांतिका तग धरत नाही.

शेवटची भेट मात्र जिवाला लागते. अ‍ॅलेक कायमचा जोहान्सबर्गला निघालाय. शेवटची काही मिनिटं उरलीत. तेवढ्यात डॉली मेसिटर नावाची ओळखीची बाई येऊन टेबलाशी बसते आणि बोलत सुटते. त्याला लॉराच्या खांद्यावर नुसता हात दाबून निघावं लागतं. माझे डोळे भरून आले. सौ. मात्र ताडकन उठून बसली. "मायबाई, ही तर हुबेहूब आपली..." आणि तिनं आमच्याच आळीतलं एक नाव घेतलं. डॉलीसाठी लीननं इंग्लंडभर नटी शोधली असेल. आमच्या तालुक्यात गल्लीगणिक मिळाली असती.

युरोपशी आमचं नातं तसं जुनं आहे. 1938 साली पॉम्पेईच्या राखेत एक हस्तिदंती भारतीय बाई सापडली. पुढे 1970च्या दशकात भोकरदनच्या उत्खननात तशीच मूर्ती निघाली, आणि ती पॉम्पेईची बाई आमच्याच गावची असावी, असं काही अभ्यासक मानतात. इसवी सन 79च्या आधी कधीतरी, रेल्वेशिवाय, थेट इटली! ती परतली नाही, अजून नेपल्सच्या संग्रहालयात आहे. लॉरा निदान घरी, शब्दकोडं सोडवत बसलेल्या नवऱ्याकडे, परत येते. हा फ्रेड मला सिनेमात सर्वांत आवडला. सगळं ओळखूनही तो फक्त परत आल्याबद्दल तिचे आभार मानतो. सौ.ला हे सांगितलं, तर ती म्हणाली, "त्याला काय जातंय, चहा तर तीच करणार."

आता 2024च्या ऑगस्टमध्ये केंद्रानं जालना-जळगाव हा 174 किलोमीटरचा नवा मार्ग मंजूर केलाय आणि तो भोकरदनवरून जाणार आहे. रेल्वेवाल्यांना एवढीच विनंती, की फलाट कितीही लांब करा, पण चहाच्या खोलीत दोन खुर्च्यांचं टेबल ठेवू नका. तिसरी खुर्ची लागणारच आहे.