पूर्व डिस्क, पश्चिम डिस्क

संगणकाच्या डिस्कवरील हिस्से कमीजास्त केल्यानंतर यंत्र सुरू होते, पंखा फिरतो, दिवा लागतो, परंतु कार्यप्रणाली, म्हणजे जिच्या आधारावर बाकीच्या सर्व आज्ञावल्या चालतात ती मूळ व्यवस्था, काही केल्या पडद्यावर येत नाही. या अवस्थेचा जळगाव आणि धुळे जिल्ह्यांपुरता विचार करताना प्रथम हे ध्यानात घ्यावे लागते की, येथे डिस्कची वाटणी सहसा हौसेने होत नसून 'सी' नावाचा हिस्सा भरल्यामुळे होते. जळगावच्या गोलाणी मार्केटात घेतलेला असो की धुळ्याच्या आग्रा रोडवर, संगणक गिऱ्हाइकाच्या हाती देताना त्याच्या डिस्कचे सी, डी आणि ई असे हिस्से पाडून देण्याची रीत जुनी आहे. सी विंडोजसाठी आणि डी घरच्या मालासाठी, अशी ही योजना असली तरी डेस्कटॉपवर ठेवलेली प्रत्येक वस्तू प्रत्यक्षात सीमध्येच जाऊन बसते ही गोष्ट गिऱ्हाइकाला कोणी सांगत नाही. परिणामी सातबाऱ्याचे उतारे, केळीच्या पीकविम्याचे कागद आणि भाचीच्या हळदीचा अडीच तासांचा व्हिडिओ सीमध्ये दाटीवाटीने राहतात, आणि डीमध्ये 'न्यू फोल्डर' व त्याच्या पोटात आणखी एक 'न्यू फोल्डर' एवढीच वस्ती असते.

सी भरल्याची लाल पट्टी दिसू लागली की घरातील ज्या मुलाला संगणकातले समजते असा समज आहे, त्याला बोलावणे जाते. तो डी आखडून सी वाढवू पाहतो, आणि त्या ओघात त्याची नजर नाव नसलेल्या, अक्षर नसलेल्या, जेमतेम १०० एमबीच्या एका हिश्शावर पडते. विंडोज ७ स्वतःची सुरुवातीची कागदपत्रे ज्या राखीव हिश्शात ठेवते तो हाच. परंतु बेवारस दिसणारी जागा कोणाची तरी असू शकते हा विचार वाटणीच्या भरात सुचत नसल्यामुळे बाहेरून उतरवलेल्या एखाद्या साधनाने तो पुसला जातो. याखेरीज मे महिन्याचे कारण आहेच. हिस्सा सरकवताना त्यातील मजकूर एका जागेवरून उचलून दुसऱ्या जागी ठेवला जातो, या कामाला कधी कधी तासन् तास लागतात, आणि पारा ४५ अंशांच्या वर असताना नेमकी त्याच वेळी वीज जाते. इन्व्हर्टरची तार पंख्याकडे गेलेली असते, आणि त्या उन्हाळ्यात तिने तेथे जाणेच योग्य असते. संगणक पुन्हा सुरू होतो तेव्हा काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांची एकच ओळ उरते, आणि 'काय व्हई गयं रे भो?' असे विचारत शेजारी जमू लागतात.

येथे शास्त्र थोडे समजून घेणे आवश्यक आहे. १९८३पासून चालत आलेल्या पद्धतीत डिस्कच्या पहिल्या ५१२ बाइटांत सारा कारभार असतो. त्यातील ४४६ बाइटांत यंत्र जागे झाल्यावर पुढे कोठे जायचे हे सांगणारी छोटी आज्ञावली, पुढच्या ६४ बाइटांत हिश्शांची नोंदवही आणि शेवटच्या २ बाइटांत नोंद खरी असल्याची खूण. युनिकोडच्या प्रचलित लेखनात देवनागरीचे एकेक चिन्ह ३ बाइट घेत असल्यामुळे 'पूर्व खानदेश पश्चिम खानदेश' एवढे लिहिण्याइतकीही जागा त्या नोंदवहीत नाही, आणि तरीही लाखो फायलींचा ठावठिकाणा अखेर तिच्यावरच अवलंबून असतो. तीत चारच नोंदी मावतात. पाचवा वारस निघाल्यास चारपैकी एका नोंदीला मोठे आवार मानून त्याच्या आत पोटहिस्से पाडावे लागतात.

खानदेशच्या वाचकाला हे वेगळे शिकवण्याची गरज पडू नये. १९०६ साली खानदेश जिल्ह्याचे पूर्व आणि पश्चिम असे दोन भाग झाले आणि जळगाव व धुळे ही त्यांची ठाणी ठरली, तेव्हा तापी आपल्या पात्रातूनच वाहत राहिली आणि अमळनेरही जागचे हलले नाही. मात्र धुळ्याला जवळ असलेले अमळनेर कागदोपत्री जळगावकडे गेले. जुना पत्ता पाठ असलेला कोणी त्यानंतर धुळ्याच्या कचेरीत अमळनेरचे प्रकरण घेऊन गेला असता, तर ते येथे नाही हेच उत्तर त्याला मिळाले असते आणि तेवढ्यावरून अमळनेर बुडाले असे त्याने घरी कळवले असते, तर त्याला शहाणे म्हणता आले नसते. पुढे १ जुलै १९९८ रोजी धुळ्यातून नंदुरबार निघाले, म्हणजे हिश्शातून पोटहिस्सा पाडण्याचाही अनुभव या प्रांताच्या गाठीशी आहे.

हा पत्त्याचा घोटाळा लिनक्सच्या बाबतीत फार शुद्ध स्वरूपात पाहायला मिळतो. अभियांत्रिकीचे आणि बीसीएचे विद्यार्थी प्रात्यक्षिकांसाठी विंडोजशेजारी लिनक्स बसवतात, आणि परीक्षा आटोपली की विंडोजमध्ये बसूनच लिनक्सचा हिस्सा पुसून ती जागा सिनेमांना देतात. परंतु यंत्र सुरू होताना कोणती कार्यप्रणाली उघडायची हे विचारणारा 'ग्रब' हा द्वारपाल डिस्कच्या आरंभीच ठाण मांडून असतो, आणि त्याचा उरलेला पसारा मात्र नुकत्याच पुसलेल्या हिश्शात असतो. पोटहिश्शांचे क्रमांक लिनक्समध्ये ५पासून सुरू होतात आणि पाचवा काढला की सहावा पाचवा होतो, त्यामुळे शेजारचा हिस्सा पुसला तरीही हा द्वारपाल जुन्या क्रमांकावर जाऊन असा हिस्साच नाही असे जाहीर करण्याचा संभव राहतो. पडद्यावर 'ग्रब रेस्क्यू' एवढेच उमटते, आणि विंडोज धडधाकट असूनही सारे घर सुतकात जाते.

या क्षणी सुचवला जाणारा सर्वांत लोकप्रिय उपाय म्हणजे 'फॉरमॅट मारून टाका'. हानीचा खरा आरंभ बहुधा येथेच होतो, कारण तोवर बिघडलेली असते ती नोंद, आणि नव्याने विंडोज चढवताना मात्र जुन्या मजकुराच्या जागेवरच नवा मजकूर लिहिला जातो. या उपायाची लोकप्रियता तो सांगणाऱ्याला विचार करावा लागत नाही यातच असावी. त्याऐवजी दुसऱ्या संगणकावर पेनड्राइव्हवरून चालणारे लिनक्स तयार करून त्यावर बिघडलेले यंत्र सुरू केल्यास डिस्कला धक्का न लावता आत पाहता येते, आणि हळदीचा व्हिडिओ शाबूत दिसला की निम्मे शेजारी आपापल्या घरी जातात. नोंदवहीच पुसली गेली असेल तर क्रिस्तोफ ग्रेनिए यांचे 'टेस्टडिस्क' हे मोफत साधन डिस्क धुंडाळून जुन्या हद्दीच्या खुणा शोधते आणि नोंद पुन्हा लिहून देते. ग्रबच्या काळ्या पडद्यावर 'एलएस' ही आज्ञा दिली की हिश्शांची यादी मिळते. लिनक्स शिल्लक असल्यास त्यातील योग्य हिस्सा 'सेट'ने दाखवून देऊन, 'इन्समॉड नॉर्मल' आणि मग 'नॉर्मल' म्हटले की स्वारी ताळ्यावर येते, मात्र ही समजूत तात्पुरती असल्याने आत शिरल्यावर ग्रब पुन्हा बसवावा लागतो. जेथे लिनक्स उरलेच नाही तेथे विंडोजच्या पेनड्राइव्हवरून 'बूटरेक' चालवून द्वारपालच बदलणे सोपे पडते.

नव्या यंत्रांत नोंदवही ऐसपैस झाली असून तीत साधारणपणे १२८ हिस्से मावतात, आणि तिची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते, त्यामुळे जुने अनेक अपघात आता टळतात. त्यांची जागा बिटलॉकरने घेतली आहे. डिस्कवरील मजकूर कुलूपबंद करणारी ही व्यवस्था हिश्शांत किंवा सुरुवातीच्या फायलींत फेरफार झाल्याचा संशय आला की ४८ अंकांची किल्ली मागते. ही किल्ली बहुतेकदा मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असते. ते खाते संगणक घेतला त्या दिवशी दुकानातल्या पोऱ्याने घाईत स्वतःच्या मोबाइल क्रमांकावर उघडलेले असते, आणि तो पोऱ्या पुण्याला हिंजवडीत कामाला लागलेला असून त्याचा तो क्रमांक आता लागत नाही.