बॉयलरकाका

इंग्लंडात थंडीचा पहिला कडाका पडला, की भल्या पहाटे मराठी मंडळींच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो. "कोणाला चांगला बॉयलरवाला माहीत आहे का? अर्जंट. घरात लहान मूल आहे." कोणी प्लंबरचा नंबर टाकायच्या आत खाली उत्तर उमटतं, "कोणालाही बोलावू नका. मी फोन करतो."

हे बॉयलरकाका. स्लाउ असो, हॅरो असो, रेडिंग असो की मिल्टन कीन्स, जिथे पंधरा-वीस मराठी घरं, तिथे एक बॉयलरकाका असतातच. वय साठीच्या पुढचं, मूळ गाव सांगली नाहीतर डोंबिवली, आणि नोकरी अशी की तिचा बॉयलरशी काडीचा संबंध नाही. कोणी बँकेच्या सॉफ्टवेअरमधून निवृत्त झालेला, कोणी रेल्वेच्या ड्रॉइंग ऑफिसातून. यांना दीक्षा मिळाली ती बहुतेक २०१०च्या डिसेंबरात. शंभर वर्षांत या देशात एवढा गारठलेला डिसेंबर झाला नव्हता. घरोघरचे बॉयलर बंद, आणि इंजिनिअर म्हणतोय पुढच्या आठवड्यात बघू. काकांनी स्वेटरवर स्वेटर चढवून माहितीपुस्तिका वाचून काढली, बाहेर जाऊन पाइपावर गरम पाणी ओतलं, आणि बॉयलर भक्कन पेटला. त्या क्षणापासून काका पूर्वीचे राहिले नाहीत.

काका शास्त्रापासून सुरुवात करतात. घाई असली तरी. "२००५ पासून इथे कंडेन्सिंग बॉयलरच बसवावा लागतो. का? तर जुना बॉयलर गरम वाफ धुराड्यातून तशीच सोडून द्यायचा. हा सोडत नाही. धुराकडूनसुद्धा वसुली करतो." इथे काकांच्या आवाजात आदर येतो. "वाफेतली उष्णता काढून घेतली की तिचं पाणी होतं. दिवसाला काही लिटर. ते त्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पाइपातून बाहेर जातं. तांब्याचा पाइप चालत नाही, कारण पाणी आंबट असतं. आणि तो पाइप शहाण्या बिल्डरने काढलाय भिंतीच्या बाहेरून, तोही उत्तरेच्या भिंतीवर. रात्री आत बर्फ. पाणी तुंबलं, की बॉयलर गुळगुळ करतो आणि स्वतःला बंद करून घेतो. बिघाड बॉयलरात नाही रे बाबा, मोरीत आहे!"

मग चौकशी. पहिला प्रश्न, "घर भाड्याचं की स्वतःचं?" भाड्याचं म्हटलं की काकांचा सूर पडतो. "मग तू कशाला हात लावतोस? १९८५ चा कायदा आहे, हीटिंगची दुरुस्ती घरमालकाकडे. फोटो काढ, तारीख घाल, ईमेल टाक." सल्ला चोख आणि फुकट, पण त्यात जीव नसतो. स्वतःचं घर आहे असं कळलं, की काका खुलतात. "हप्ते चालू आहेत ना? मग खर्च जपूनच करायचा. फोन बॉयलरजवळ धर. आवाज ऐकव." क्षणभर शांतता. "हं. खर्जात बोलतोय. पाइप गोठलाय. येतो."

आणि ते खरोखर येतात. माकडटोपी, हातमोजे, एका हातात झाडांना पाणी घालायची झारी, दुसऱ्या हातात शेकायची रबरी पिशवी, काखेत जुना टॉवेल. बाहेर पाइपापुढे उभे राहून ते आधी बिल्डरचा उद्धार करतात. "बघ, साडेएकवीस मिलिमीटरचा घातलाय. बाहेरच्या अंगाला बत्तीसचा हवा. आणि उतार कुठाय? मीटरमागे पाचेक सेंटिमीटर तरी पाहिजे." मग बाही वर सारून झारीतल्या पाण्यात कोपर बुडवतात, तान्ह्या बाळाच्या आंघोळीचं पाणी बघावं तसं. उकळतं नको, प्लास्टिक तडकतं. आणि सांडलं की पायवाटेवर त्याचाच बर्फ होऊन पोस्टमन पडतो. पाइप जिथे वळतो तिथे धार धरायची, खालून वर यायचं. यजमान कुडकुडत उभा. बायको खिडकीतून बघतेय. झारी दोनदा भरून होते आणि मग पाइपाच्या पोटात काहीतरी सरकतं. गटाराच्या जाळीवर बोटाएवढी बर्फाची कांडी टपकन पडते, मागून पाणी. काका तिच्याकडे न बघता आत ओरडतात, "रीसेट दाब!"

पोहे येतात. खरा कार्यक्रम आता. काका पैसे घेत नाहीत, विचारलंत तर रागावतात. मात्र वाचलेल्या पैशांचा हिशोब मोठ्याने मांडल्याशिवाय ते उठत नाहीत. "नुसते यायचे ऐंशी-शंभर पौंड, लंडनजवळ त्याहून जास्त. वर वीस टक्के व्हॅट. आज रविवार, म्हणजे दर आणखी चढा. धर दीडशे." हे दीडशे मनातल्या मनात एका खात्यावर जमा होतात. "आजवर आपल्या लोकांचे एवढे वाचवलेत की एक नवी गाडी आली असती," असं ते म्हणतात. त्यांची स्वतःची गाडी पंधरा वर्षं जुनी आहे.

काकांना लोक चिक्कू समजतात. मला ते पटत नाही. डॉलिस हिलच्या महाराष्ट्र मंडळात गणपतीची वर्गणी ते न मागता देतात, आणि इकडे दीडशे वाचवायला येताना पेट्रोल स्वतःचं जाळतात. त्यांचं भांडण एकाच गोष्टीशी आहे. "दुरुस्तीचे घे ना! पण बघण्याचे? आमच्या सांगलीत वायरमन यायचा, बघायचा, चहा प्यायचा आणि 'उद्या येतो' म्हणून जायचा. बघणं फुकट होतं." एकदा कोणीतरी धाडस करून म्हणालं, काका, डॉक्टरसुद्धा बघण्याचेच घेतो. "इथे तोही घेत नाही," काका म्हणाले. एनएचएसच्या राज्यात यावर बोलायची सोय नाही.

कधीकधी दोष पाइपात नसतो, आतल्या सायफनमध्ये असतो. तिथे काका हात मागे घेतात. केसिंग उघडायचं ते गॅस सेफची नोंदणी असलेल्यानेच, याबाबतीत ते कर्मठ. इंजिनिअर येतो तेव्हा काका यजमानाच्या बाजूचे वकील म्हणून हजर. आधी ओळखपत्र मागतात, मग उलटं करून पाठ वाचतात, कारण कोणत्या कामाची परवानगी आहे ते पाठीमागे असतं. "२००९च्या आधी, जुन्या नोंदणीत, तुम्ही कॉर्गीवाले होतात ना?" असं विचारून आपण मुरलेले आहोत हे सुचवतात. पंचविशीचा तो पोरगा तेव्हा शाळेत असतो. तो सायफन काढतो, सिंकमध्ये काळा राबडा ओततो, काका टॉर्च मारून बघतात. पंधरा मिनिटांत काम संपतं आणि बिल येतं. यजमान आनंदाने कार्ड काढतो, काकांचा मात्र जीव कळवळतो.

"यात बघण्याचे किती आणि करण्याचे किती?" काकांनी एका इंजिनिअरला विचारलंच.

"बघण्याचे काहीच नाहीत," तो म्हणाला. "सगळे एम-२५ वरून येण्याचे."

त्या रस्त्यावर काकांचंही अर्धं आयुष्य गेलं होतं. त्यांनी त्याला आणखी एक चहा दिला.

काकूंचं मत वेगळं आहे. "आमचा बॉयलर कधी बिघडत नाही, असं हे सगळ्यांना सांगतात. कसा बिघडेल? दर सप्टेंबरात सर्व्हिसिंगचा माणूस येतो, हे पोहायला गेले की. नाहीतर वॉरंटी जाते." वॉरंटीच्या पुस्तकातले शिक्के काकांनी पाहिले असावेत. त्यावर घरात चर्चा होत नाही.

अलीकडे मात्र काकांच्या कपाळावर एक नवी आठी दिसते. गॅसचा बॉयलर काढून हीट पंप लावणाऱ्याला सरकार साडेसात हजार पौंड देतं. ग्रुपमधल्या एका जोडप्याने तो लावला, आणि "काका, आता तुमचं काय?" म्हणून हसरे चेहरे टाकले. काका बघायला गेले. मागच्या अंगणात ते पंख्याचं भलंमोठं खोकं. ज्योत नाही, धूर नाही. काका खिशात हात घालून त्याच्याभोवती दोन प्रदक्षिणा घालून आले, काही बोलले नाहीत. तेवढ्यात यंत्राने स्वतःवरचं दंव वितळवायला घेतलं. खालून पाणी ठिबकू लागलं, आणि फरशीवर आदल्या रात्रीच्या पाण्याचा काचेसारखा थर दिसला.

काका गुडघे मोडून खाली बसले. "याचा निचरा कुठे सोडलाय?"

"माहीत नाही काका."

"माहीत नाही म्हणजे? पाइप किती मिलिमीटरचा घातलाय?"