बसून करायचा खेळ

पन्नाशी ओलांडली की माणसाला व्यायाम सुचवणाऱ्यांची रांग लागते. डॉक्टर चालायला सांगतात, मुलगी पळायला सांगते, आणि सोसायटीतली मंडळी भल्या पहाटे टाळ्या वाजवत हसायला बोलावतात. या सगळ्या व्यायामांत एकच खोट आहे. ते उभं राहून करावे लागतात. माझी उभी हयात बँकेत, म्हणजे बसून गेली. बसण्यात माझा हात धरणारा आमच्या शाखेत कोणी नव्हता. तरीही पाण्यालगत बसून, पाय पसरून करायचा एक खेळ जगात आहे आणि १९३६ पासून तो ऑलिंपिकमध्ये पदकांसाठी खेळला जातो, हे मला देवबागला जाईपर्यंत कोणी सांगितलं नव्हतं.

देवबाग मालवणच्या दक्षिणेला, तारकर्लीच्या पुढे. एका अंगाला अरबी समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी आणि मधे माडांची चिंचोळी पट्टी. पट्टी संपते तिथे नदी समुद्राला मिळते. आम्ही दोन कुटुंबं गेलो होतो ती मासे खायला. व्यायामाचा विषय काढला तो साडूंनी. त्यांच्या मनगटावर एक घड्याळ आहे. त्यात वेळ सोडून सगळं दिसतं. घावण्यांचा नाश्ता झाल्यावर त्यांनी त्यात पाहिलं आणि म्हणाले, ‘‘काहीतरी हालचाल करायला हवी.’’

हालचाल म्हणून नदीकाठी पिवळ्या प्लास्टिकची एक कयाक पडली होती. उन्हाने तिचा रंग विटला होता आणि बसायच्या जागेपाशी तिला आरपार भोकं होती.

‘‘ही भोकं कसली?’’ मी तिथल्या पोराला विचारलं.

‘‘तेच्यातसून पाणी भायर जाता, काकानू.’’

‘‘आणि आत कुठून येतं?’’

‘‘ता पण थयसूनच.’’

या खुलाशानंतर अंगातल्या लाइफ जॅकेटचे पट्टे आणखी आवळून द्यायला मी स्वतःहून सांगितलं.

आता प्रश्न आला पुढे कोणी बसायचं याचा. साडू थोरल्या बहिणीचे यजमान, म्हणजे मानाने मोठे. मी वयाने मोठा. सासुरवाडीत हा तिढा प्रत्येक मंगलकार्यात पडतो आणि अजून सुटलेला नाही. पोराने आम्हा दोघांना आपादमस्तक न्याहाळलं आणि मला मागे बसवलं. जास्त वजन मागे असावं, असा दोघांच्या कयाकचा नियम आहे. त्याने कारण सांगितलं नाही. कारण दिसत होतं.

दुसरा नियम असा की ताल पुढच्याने धरायचा, मागच्याने त्याच्या तालावर वल्हवायचं आणि दिशाही सांभाळायची. म्हणजे निर्णय एकाचे आणि जबाबदारी दुसऱ्याची. बँकेतला माणूस असल्यामुळे ही पद्धत मला नवी नव्हती. साडूंनी मात्र जिममध्ये कमावलेले दंड पणाला लावले. त्यांचं वल्हं उजवीकडे पडे तेव्हा माझं डावीकडे, आणि दोन्ही वल्ही मधे कुठेतरी एकमेकांवर आपटत. कयाक जागच्या जागी प्रदक्षिणा घालू लागली. काठावर तिवराच्या फांदीवर एक बगळा बसला होता. पहिल्या फेरीला तो उडाला आणि परत येऊन बसला. दुसऱ्या फेरीला त्याने नुसती मान वळवली. पुढे पुढे त्याने तीही तसदी घेतली नाही.

‘‘जावईबापू, सरळ घ्या की!’’ साडू.

‘‘आधी तुम्ही एका तालात मारा!’’ मी.

काठावर दोघी बहिणी मोबाइलवर आमचं चित्रीकरण करत होत्या. एवढं एकमत मी त्यांच्यात पूर्वी पाहिलं नव्हतं.

शेवटी पोरगा आपली कयाक घेऊन शेजारी आला. ‘‘पाण्यावांगडा कित्या झगडतास?’’ म्हणाला, आणि करून दाखवलं. पातं पायाच्या बोटांपाशी पाण्यात घालायचं, कमरेशी आलं की काढायचं. हातांनी ओढायचं नाही, धड वळवायचं. वळायचं असेल तर एकाच बाजूला लांबून अर्धवर्तुळ काढायचं. साडूंचे दंड निकामी ठरले, त्यामुळे ते गप्प झाले. आणि काय सांगावं, होडी सरळ चालली!

इंजिनाच्या होडीला जिथे तळ लागेल तिथे कयाक वीतभर पाण्यावरून जाते. पोराने आम्हाला खारफुटीतल्या एका ओहळात नेलं. दोन्ही बाजूंना कांदळाची मुळं कमानीसारखी चिखलात उतरलेली. त्या चिखलावर निवट्या उड्या मारत होत्या. मासा असून जमिनीवर फिरायचं म्हणजे काय, हे त्यांना जमतं. खंड्या अगदी डोक्यावरून गेला. साडूंनी या सगळ्या वेळात घड्याळात पाहिलं नाही, याची मी नोंद घेतली.

‘जमलं बुवा!’ ही भावना परत फिरेपर्यंत टिकली. जाताना आम्हाला नेत होती ती ओहोटी. येताना तीच समोरून आली. खांदे बोलू लागले. पोरगा म्हणाला, तिथीची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती. अष्टमीला सहाच्या सुमाराला, चतुर्थीला तीनच्या. पूर्वी मी कालनिर्णयात एकादशी शोधायचो ती साबुदाण्याच्या खिचडीसाठी. आता एकादशी म्हटलं की मला सव्वाआठची भरती आठवते.

पुण्याला आल्यावर हे वेड वाढलं. पवनेच्या जलाशयावर सुट्टीच्या दिवशी जाणं सुरू झालं, वाचन सुरू झालं. ग्रीनलंडचे इन्युइट लोक सीलच्या कातड्याची कयाक ज्याच्या त्याच्या अंगाच्या मापाने बांधत. पसरलेल्या हातांच्या तिप्पट लांबी, आणि रुंदी कंबर अधिक दोन मुठी. माझ्या मापाची बांधायची तर सीलांवर संकटच आलं असतं. जर्मनीच्या बिर्गिट फिशरने २००४ साली अथेन्सला बेचाळिसाव्या वर्षी आपलं आठवं ऑलिंपिक सुवर्ण मिळवलं. आणि पोलंडचा अलेक्झांडर डोबा? रसायनांच्या कारखान्यातला हा इंजिनिअर तिशी उलटल्यावर या नादाला लागला आणि २०१७ मध्ये, सत्तरीत, एकट्याने वल्हवत अमेरिकेहून फ्रान्सला पोचला. अटलांटिक ओलांडायची त्याची ती तिसरी खेप होती.

हे मी घरी उत्साहाने वाचून दाखवलं. ही म्हणाली, ‘‘बँकेत बसलात, घरी बसलात, आता पाण्यात बसा.’’

तेव्हा वाचकहो, पाऊस सरला की निघा. जॅकेट घातल्याशिवाय काठ सोडू नका. भरतीची वेळ मोबाइलपेक्षा तिथल्या माणसाला विचारा, आणि जाताना विरुद्ध प्रवाहात, येताना त्याच्यासोबत असा बेत ठेवा. वय विचारू नका. हा खेळ बसायला शिकलेल्या माणसांचा आहे. फक्त साडूंना वेगळी कयाक घेऊन द्या. भाडं तुम्ही भरा, स्वस्तात पडेल.